पदवी देण्याआधी एक घर वर्षभर मोजायला लावा

प्रति,
पर्यावरणीय वास्तुकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्राचार्य,
विद्यापीठांच्या वास्तुकला अभ्यास मंडळांचे सदस्य,
आणि वास्तुकला परिषद

विषय : एम. आर्क.च्या विद्यार्थ्यांकडून राहत्या घराची बारा महिने मोजणी करून घेण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगतो, कारणे नंतर. म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचे वाचले नाही तरी चालेल. पर्यावरणीय वास्तुकला, शाश्वत वास्तुकला, ऊर्जाक्षम इमारती अशा कुठल्याही नावाने तुम्ही दोन वर्षांची एम. आर्क. देत असाल, तर ती हाती पडण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने लोक राहत असलेले एक घर सलग बारा महिने मोजलेले असावे. तापमान, आर्द्रता, भिंतीची ओल, विजेचे बिल, आणि त्या घरातली माणसे कुठल्या महिन्यात कुठे झोपतात हेसुद्धा. ऐच्छिक विषय म्हणून हे ठेवलेत तर कुणी घेणार नाही. पदवीची अटच हवी.

मी लातूरला प्रॅक्टिस करतो. बंगले, शाळा, अधूनमधून एखादे मंगल कार्यालय, आणि कुणी हौशी भेटला तर दगडाचे काम. बाह्य परीक्षक म्हणून तुमच्यापैकी अनेकांच्या ज्युरीला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाच्या परीक्षणाला, येऊन गेलो आहे. पत्रात कुठल्याही महाविद्यालयाचे नाव नाही, आणि कुणी आपले शोधूही नये. सांगतो आहे ते थोड्याफार फरकाने सगळीकडे आहे.

तिघांना एकत्र लिहिण्याचे कारण असे की, एकाला विचारले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. महाविद्यालय म्हणते अभ्यासक्रम विद्यापीठाचा, विद्यापीठ म्हणते निकष दिल्लीचे. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या वास्तुकला महाविद्यालयाच्या प्रकरणात निकाल दिला की, वास्तुशिक्षणाच्या बाबतीत १९७२ चा वास्तुविशारद कायदा आणि त्याखालची परिषदच प्रमाण. तंत्रशिक्षण परिषदेचे निकष इथे लागू होत नाहीत. म्हणजे वास्तुकलेचे शिक्षण कसे असावे हे ठरवणारे आता वास्तुकलेतलेच लोक आहेत. बाहेरच्या कुणावर ढकलायची सोय उरलेली नाही.

ज्युरीत काय दिसते ते सांगतो. भिंतीवर शीट्सची रांग. पहिल्या शीटवर हवामानाचे विश्लेषण: विंड रोज, सूर्यमार्ग, सायक्रोमेट्रिक चार्ट. सगळे सुबक, सगळे संगणकाने काढलेले. विचारावे, आकडे कुठले? "वेदर फाइल आहे, सर." कुठल्या ठिकाणची? जवळच्या मोठ्या शहराची. जागा मात्र असते कुठल्यातरी डोंगरउतारावर, नाहीतर दाट गावठाणात, जिथे बोळातून हवाच फिरत नाही. वेदर फाइलमधली नोंद बहुतेक वेळा विमानतळावरची असते. तिथे आसपास ना भिंत, ना झाड.

त्याहून मोठी गोम फाइलच्या घडणीत आहे. नेहमी वापरतात ती 'ठरावीक वर्षा'ची फाइल अनेक वर्षांच्या नोंदींतून बनते. जानेवारी एका वर्षातला, फेब्रुवारी दुसऱ्याच वर्षातला, असे सरासरीच्या जवळ जाणारे बारा महिने वेचून एकत्र शिवतात. ते वर्ष कुठल्याच गावात कधी आलेले नसते. एखाद्या कार्यालयाला वर्षाला एसीची वीज किती लागेल हे काढायला ही फाइल उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निवडच सरासरीची असल्यामुळे लहरी महिने पद्धतशीरपणे गळून जातात. पत्र्याखाली राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा जीव जिच्यात जातो ती उष्णतेची लाट त्या फाइलमध्ये सहसा सापडत नाही. विद्यार्थी मात्र शेवटच्या शीटवर लिहितो की माझ्या रचनेमुळे घर ४ अंशांनी थंड झाले. कुठल्या दिवशी, कुणासाठी, हे विचारले की शांतता.

मी सिम्युलेशनच्या, म्हणजे संगणकावर घराचे मॉडेल चालवून पाहण्याच्या, विरोधात आहे असे कृपया समजू नका. ते आलेच पाहिजे. पण मोजलेल्या आकड्यांशी ताडून न पाहिलेले मॉडेल हा अंदाज आहे, आणि अंदाजावर आपण पदव्युत्तर पदव्या वाटतो आहोत. घर वर्षभर मोजा, त्याच घराचे मॉडेल करा, दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवा आणि का जुळत नाहीत ते शोधा. खिडकी किती वेळ उघडी होती ही धारणा चुकली असेल, भिंतीतली ओल धरली नसेल, गच्चीवर कुणी चुना मारला असेल. त्या न जुळण्यातच खरा अभ्यास आहे.

एक ज्युरी आठवते. कोकणातला पर्यटक निवास होता. भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या कापलेल्या ठोकळ्यांच्या. का? चिरा स्थानिक आहे, म्हणून पर्यावरणस्नेही. मुलगी हुशार होती, ड्रॉइंग नजर लागावी असे. मी विचारले, खाण पाहिलीस? नव्हती पाहिली. जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, उन्हाळ्यात ओसाड, करपलेला दिसतो. पावसाळ्यात त्यावरच इंच-दोन इंच मातीत जी फुले उगवतात ती बघायला आपण कासला गाड्यांची रांग लावतो. कास म्हणजे तोच जांभा, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. आणि त्याच सड्यांवर यंत्राने कापलेल्या चिरेखाणींचे चौकोनी खड्डे आहेत. चिरा वापरू नका असे मी कोकणातल्या माणसाला सांगणार नाही, मला तो अधिकारही नाही. पण खाण न बघता त्यावर हिरवा शिक्का मारू नये एवढे तरी एम. आर्क. झालेल्याला कळायला हवे. शिवाय तिथे रात्रीही हवा फारशी निवत नाही आणि दमटपणा हटत नाही. अशा हवेत जाड भिंतीने साठवलेली उष्णता कुठे सोडायची? मराठवाड्यात उपयोगी पडणारी युक्ती तिने कोकणात नेली होती आणि सॉफ्टवेअरने तिला अडवले नव्हते.

मराठवाड्याचा विषय निघाला आहे तर किल्लारीकडे येतो. खरे तर हे पत्र त्यासाठीच आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर लातूर सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होते. झोन तीनमध्ये ते आले २००२ च्या सुधारणेत. तुमच्या विद्यार्थ्यांना नकाशावर, फाइलवर, संहितेच्या तक्त्यावर डोळे झाकून विसंबू नका असे शिकवायचे असेल तर याहून मोठे उदाहरण महाराष्ट्रात नाही.

पडली ती घरे कशी होती? हाच प्रश्न आजच्या 'पर्यावरणस्नेही' स्टुडिओत सोयीस्करपणे गाळला जातो. ती घरे आपण ज्यांचे गोडवे गातो तशीच होती. स्थानिक दगड, गावची माती, वर माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत. सिमेंटचा कण नाही. कार्बनचा हिशेब केला तर पैकीच्या पैकी गुण. भिंती दोन फूट, कुठे तीन फूट आणि त्याहूनही जाड. पण त्या दुपदरी होत्या: बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसल्यावर दोन थर एकमेकांपासून सुटले आणि आतली भर खाली उतरून त्यांना बाहेर ढकलू लागली. वर माळवदाची माती. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला तिच्यावर आणखी पांढरी माती टाकायची रीत, त्यामुळे पिढ्यान्पिढ्या थर वाढत गेलेला. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन. काही घरांत लाकडी खणांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. जिथे छताचा भार थेट भिंतीवर होता तिथे सगळेच खाली आले.

म्हणजे दगडमाती हे मारणारे साहित्य होते का? नाही. बांधणीत एक गोष्ट कमी होती आणि वजन जास्त होते. हे नंतर मोजून सिद्ध झाले. त्याच वर्षी आलेल्या आयएस १३८२८ या भारतीय मानकात कमी ताकदीच्या दगडी बांधकामाचे नियम आहेत: प्रत्येक ६० सेंटिमीटर उंचीला, आडवे १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर न सोडता, भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड. भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, शक्यतो ३५ च्या आसपास. आणि प्लिंथ (जोते), लिंटेल (दारे-खिडक्यांचा माथा), छत या पातळ्यांवर भिंतींना घेरून बांधणारे बांधपट्टे. मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आहे. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी गेली, आणि शिवाय तेरा जिल्ह्यांत जवळपास दोन लाख जुन्या घरांच्या दुरुस्ती-बळकटीचा कार्यक्रम झाला. त्यात भिंतीला भोक पाडून काँक्रीटचे बांधदगड घालणे आणि माळवदावरची माती उतरवणे हीच कामे होती. पण लोकांच्या मनात एकच गोष्ट बसली: दगडमातीचे घर म्हणजे मरण. आज माझ्याकडे गिऱ्हाईक येते तेव्हा दगड हा शब्द मी तिसऱ्या भेटीपर्यंत काढत नाही.

आता विद्यार्थ्याकडे वळू. त्याने कुठेतरी वाचलेले असते की जाड भिंत उष्णतेला उशीर लावते, म्हणून तो दोन फुटांची दगडी भिंत काढतो. मानक सांगते ४५ सेंटिमीटर. ज्युरीतल्या स्ट्रक्चरच्या सरांना त्याचे 'पर्यावरण' समजत नाही आणि पर्यावरणाच्या मॅडमना भूकंपाशी कर्तव्य नसते. खरा प्रश्न कुणीच विचारत नाही. लातूरच्या मे महिन्यात जुनी दोन फुटांची भिंत आणि बांधदगड व पट्टे घातलेली दीड फुटाची भिंत, यांच्या आतल्या तापमानात नेमका किती फरक पडतो? फरक नगण्य असेल, तर सुरक्षित भिंत आणि थंड भिंत एकच आहे हे आपण लोकांना छातीठोकपणे सांगू शकतो. फरक मोठा असेल, तर छत, सावली, रात्रीचे वायुवीजन यांतून तो कसा भरून काढायचा हा पुढचा थिसिस झाला. लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारे यंत्र, लावून वर्षभरात सुटणारा हा प्रश्न आहे. त्यासाठी गावे आहेत, दुरुस्त झालेली जुनी घरे आहेत, पुनर्वसनाची नवी घरे आहेत, एकाच शिवारात, एकाच उन्हात. असा आयता संच सहसा मिळत नाही. तीस वर्षे उलटून गेली. माझ्यासमोर ज्युरीत या घरांवरचा एकही थिसिस आलेला नाही. इको-रिसॉर्ट मात्र दरवर्षी येतात.

कच्छचे बघा. २००१ च्या भूकंपात तिथले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे, बऱ्यापैकी टिकले, चौकोनी घरे पडली. का, ते लोकांनी तपासले. नंतर भुजला मातीच्या बांधकामाचे काम करणारी हुन्नरशाला उभी राहिली, आणि आज देशभरातले विद्यार्थी तिथे शिकायला जातात. तुमचेही जातात, स्टडी टूर काढून. बस लातूरवरून न्या असे म्हणत नाही, वाट वाकडी होईल.

मोजणीतून काय घडते याचा आणखी एक दाखला देतो, कारण 'लॉगर लावून काय होणार' असे विचारणारे प्राध्यापक मला भेटले आहेत. माणसाला किती तापमानाला बरे वाटते हे आपल्या अभियंत्यांनी अनेक वर्षे परदेशी निकषांवर ठरवले, आणि त्यावर एसीची यंत्रे बसवली. मग अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या चमूने अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला इथल्या १६ कार्यालयांत जाऊन लोकांनाच विचारले. एका हातात यंत्र, दुसऱ्यात प्रश्नावली. ६,३३० उत्तरे मिळाली. त्यातून निघालेले सूत्र असे की, नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरीला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. बाहेर ३० अंश असेल तर आत २९ अंशांना माणूस सुखात असतो. २४ अंशांची गरज नसते. ही अनुकूलनाची कल्पना २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत गेली. म्हणजे लोकांमध्ये जाऊन केलेल्या मोजणीने संहिता हलली.

पण त्या पाच शहरांत महाराष्ट्रातले एकही नाही. आणि ती कार्यालये होती. घरात माणूस बनियनवर असतो, फरशीवर आडवा होतो, दुपारी माजघरात आणि रात्री अंगणात सरकतो. त्याचे सूत्र वेगळे असणार. नागपूरच्या घरात वाळ्याच्या कूलरवर मे निघतो, पण मृगाचा दमटपणा आला की कूलर नुसता पाणी उडवतो. ते आठ-पंधरा दिवस सगळ्यांत वाईट, असे तिथले लोक सांगतात. कुठल्या संहितेत हे आठ-पंधरा दिवस आहेत? वर्षभर एका घरात यंत्र ठेवले तर ते दिवस आपोआप नोंदले जातील.

कुठले घर मोजायचे यावरही माझे मत आहे, आणि ते ठाम आहे. केंद्राची इको-निवास संहिता २०१८ मध्ये आली. घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी १५ वॉटच्या आत ठेवा, असे ती सांगते. चांगली संहिता आहे, पदव्युत्तर वर्गात ती शिकवतातही. पण ती ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी आहे. ग्रामीण आवास योजनेचे घरकुल २५ चौरस मीटरचे. सपाटीच्या भागात त्याला केंद्राच्या योजनेत ठरलेले साहाय्य १ लाख २० हजार. त्या पैशात विटेची चार इंची भिंत आणि वर पत्रा, नाहीतर जेमतेम स्लॅब होतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडत राहतो, म्हणून माणसे बाहेर झोपतात. देशात सगळ्यांत जास्त घरे या प्रकाराने बांधली जात असताना, पर्यावरणाची पदव्युत्तर पदवी घेतलेला माणूस त्यांच्या आसपास फिरकत नाही. ग्रामसेवक आणि गवंडी मिळून तो प्रश्न सोडवतात. तुमच्या विद्यार्थ्याने मोजायचे घर हेच असावे. बंगला नको, 'हरित इमारत' म्हणून प्लॅटिनम रेटिंग मिळालेले मुख्यालय तर नकोच. त्याला मोजायला त्यांची माणसे आहेत.

आता व्यवहाराचे बोलू. तुमची पहिली हरकत पैशाची असेल. तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारा साधा लॉगर काही हजारांत मिळतो आणि तो चार-पाच तुकड्यांना पुरतो. नुसते हवेचे तापमान पुरेसे नाही हेही खरे. पत्र्याखाली हवा ३८ अंश असली तरी डोक्यावर पत्र्याची धग असते आणि अंगाला लागते ती धग. ती मोजायला आत तापमापक असलेला काळा गोळा लागतो. विकतचा महाग वाटला तर टेबल टेनिसचा चेंडू मॅट काळा रंगवून त्यात सेन्सर बसवतात. संशोधकांनी ही पद्धत तपासून वापरली आहे, लाजायचे कारण नाही. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, सुमारे १.१ मीटरवर, उन्हापासून आणि चुलीपासून दूर ठेवायचे. दर अर्ध्या तासाला नोंद घेतली तर वर्षाला १७,५२० ओळी होतात. एवढ्या ओळींत घर स्वतः बोलायला लागते. सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर दरवर्षी होणारा खर्च एकदा यादी करून बघा. त्या सॉफ्टवेअरमागची, गणित करणारी इंजिने तर बहुतेक फुकटच असतात.

दुसरी हरकत वेळापत्रकाची. चार सत्रे आहेत. पहिल्या सत्रात घर निवडा, घरमालकाची लेखी संमती घ्या, यंत्र लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात स्टुडिओ चालू राहू द्या, महिन्यातून एकदा जाऊन नोंदी उतरवा आणि चहा प्या. चौथ्या सत्रात त्याच घरावर थिसिस. आता होते काय की थिसिसचा विषय चौथ्या सत्राच्या तोंडावर ठरतो आणि साइट व्हिजिट जानेवारीत होते. थंडीतल्या एका छान दुपारी घर बघून विद्यार्थी उन्हाळ्याबद्दल लिहितो आणि पावसाळ्याबद्दल लिहीतच नाही. महाराष्ट्रातल्या घराला खरे छळतो तो पावसाळा. भिंतीला पोपडे येतात, कपाटाला वास येतो, माळवद गळते. त्याचे एक शीट मला अजून दिसायचे आहे.

तिसरी हरकत अशी की मोजणी हे इंजिनिअरचे काम, आम्ही डिझायनर. या हरकतीचा मला राग येतो, पण उत्तर देतो. उष्ण हवामानातली वास्तुकला हा पदव्युत्तर विषय म्हणून लंडनच्या एए या वास्तुकलेच्या शाळेत १९५४ ला सुरू झाला, आणि काही वर्षांतच तो विभाग ऑटो कोनिग्सबर्गर यांच्याकडे आला. ते त्याआधी १९३९ ते १९४८ म्हैसूर संस्थानचे मुख्य आर्किटेक्ट होते. आपल्याच हवेत, आपल्याच कामांवर त्यांची जाण तयार झाली. वास्तुकार लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरममध्ये रॅट-ट्रॅप बाँडने, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या रचनेने, विटा पाव हिश्शाने वाचवल्या, त्या गवंड्याशेजारी उभे राहून. दीदी काँट्रॅक्टर यांच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती. कांगड्यात त्यांनी माती, बांबू आणि पाटीच्या दगडाची जी घरे बांधली त्यांसाठी त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला. तुमच्या नियमाने त्या तुमच्याकडे एम. आर्क.ला प्रवेशही घेऊ शकल्या नसत्या. नियम बदला असे मी म्हणत नाही. डिझायनरने साइटवर हात घालणे कमीपणाचे नसते, इतकेच.

जाता जाता पाण्याबद्दल एक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, हे सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिले. थिसिसमध्ये पाणी म्हणजे पर्जन्यसंचयाच्या टाकीचे एक गणित असते: छताचे क्षेत्रफळ गुणिले पाऊस. बांधकामाला किती पाणी लागले हे कुणी विचारत नाही. आयएस ४५६ प्रमाणे काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, फ्लायअ‍ॅश वगैरे मिसळलेले सिमेंट असेल तर दहा दिवस. आणि 'हिरव्या' गुणांसाठी आपण मिसळलेले सिमेंटच सुचवतो, ते बरोबरही आहे. पण टँकर मोजल्याशिवाय दुष्काळी गावात ते सुचवू नये. मातीच्या सांध्यातल्या दगडी भिंतीला किती पाणी लागते, काँक्रीटच्या चौकटीला किती, हा हिशेब साइटवर उभे राहून मोजायचा असतो. घर मोजणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारी एखादे बांधकाम चालू दिसलेच, तर त्याने तेही मोजावे.

आणखी एक व्यवस्था हवी, ती स्वस्त आहे. थिसिस इंग्रजीत, बांधणी काळी, अक्षरे सोनेरी, आणि मुक्काम ग्रंथालयाच्या कपाटात. ज्या बाईने वर्षभर आपल्या माजघरात तुमचे यंत्र सांभाळले, पोरांना त्याला हात लावू दिला नाही, तिला त्यातले काय मिळते? प्रत्येक थिसिससोबत दोन पानांचे मराठी टिपण सक्तीचे करा: घरात कुठल्या महिन्यात किती तापते, काय केले तर कमी होईल, त्याला किती खर्च येईल. एक प्रत घरमालकाला, एक ग्रामपंचायतीला. आणि नोंदींची मूळ फाइल सगळ्यांना खुली. पाच-सहा महाविद्यालयांनी पाच वर्षे हे केले तर सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंतच्या शेकडो घरांचे खरे आकडे आपल्याकडे असतील. मग वेदर फाइलवर वाद घालायला मजा येईल.

विद्यार्थ्यांचे काय होईल, हाही प्रश्न आहे. आज एम. आर्क. झालेली बरीच मुले रेटिंगच्या सल्लागार कंपन्यांत लागतात आणि बिल्डरांच्या वतीने कागद भरतात. पोट भरायला हरकत नाही, मीही पोटासाठी मंगल कार्यालये बांधतो. पण गुणपत्रिका भरण्यासाठी दोन वर्षे आणि लाखोंची फी लागत नाही. ज्याने घर मोजले आहे त्याला नगरपालिकेत, आवास योजनेच्या कामात, उष्मालाटेच्या आराखड्यात, जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत बोलायला काहीतरी असते. माझ्या ऑफिसात असा कुणी आला तर मी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेईन. पगार पुण्याइतका देता येणार नाही.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, एवढी विनंती. सगळ्यांना एकदम जमणार नसेल तर एका महाविद्यालयाने एका तुकडीपुरते करून पाहावे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दुरुस्त केलेली जुनी घरे आणि पुनर्वसनाची घरे दाखवायला, घरमालकांशी बोलायला मी येईन. राहण्याची सोय लातूरला माझ्याकडे होईल. यंत्रे मात्र आधी मागवून ठेवा आणि एकाच खोलीत आठवडाभर ठेवून एकमेकांशी ताडून घ्या, नाहीतर दोन घरांतला फरक आहे की दोन यंत्रांतला हेच कळणार नाही. प्रवेश लांबतात आणि नवी तुकडी येईतो पावसाळा निघून जातो, हे मला माहीत आहे. तसे झाले तर पहिली नोंद ऑक्टोबरच्या उकाड्यापासून सुरू करा आणि पुढचा पावसाळा चुकवू नका.

आपला,
लातूर जिल्ह्यात काम करणारा एक वास्तुरचनाकार आणि तुमचा अधूनमधूनचा बाह्य परीक्षक